उसनं बोट

"बोट दे इकडं," अण्णा म्हणाले.

मी भाकरी थापत होते. पोरं नुकतीच शाळेला गेली होती, कुकरची शिट्टी व्हायची होती आणि ह्यांचा डबा भरायचा राहिला होता. मला वाटलं, अण्णांना काहीतरी धरायला हवं असेल.

"कुणाचं बोट, अण्णा?"

"तुझं. माझी दहा हायेत, ती काय दाखवत्यात ते रोजच बघतोय."

तेव्हा कुठं माझं लक्ष गेलं. त्यांच्या एका हातात साखर तपासायचं मशिन होतं आणि दुसऱ्या हातात ती टोचायची पेनासारखी सुई.

अण्णा म्हणजे माझे सासरे. विट्याच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. खिडकीत बसायचं आणि माइकवरून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज तोच राहिला होता. "चहा झाला का?" हेसुद्धा ते असं विचारायचे की शेजारच्या घरातल्या बाईनं आधण ठेवावं. साखरेचा आजार त्यांना नोकरीतच लागला. ते गोळ्या घ्यायचे, म्हणजे मी हातावर ठेवल्या की घ्यायचे. पथ्य पाळायचे, म्हणजे माझ्यासमोर पाळायचे. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून स्टँडवर जायचे आणि जुन्या मंडळींबरोबर भजी खाऊन यायचे. ते मला कळत होतं. पण दिवसभर राबून झाल्यावर सासऱ्याचे हात हुंगत बसायचं बळ कुणात असतं?

त्या वर्षी नव्या चपलेनं त्यांचा उजवा अंगठा सोलला. त्यांना पत्ताच नव्हता. मी फरशी पुसत होते, तिथं रक्ताचे ठिपके दिसले म्हणून समजलं. पायाची जाणीवच कमी झाली होती. रोज धुऊन, मलम लावून मी पट्टी बांधत होते, तरी महिना उलटला आणि जखम काही वाळेना. डॉक्टर दोशींनी एकदा वाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "साखर खाली आल्याशिवाय ही जखम भरायची नाही. गोळ्यांचं काम संपलं आता. इन्सुलिन घ्या. नाहीतर अंगठा काढायची वेळ येईल, आणि ते अंगठ्यावरच थांबेल असं मी सांगू शकत नाही."

"अंगठा घ्या," अण्णा म्हणाले. "सुई न्हाई."

त्याला कारण होतं. माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, शेवटच्या दुखण्यात इन्सुलिन सुरू केलं होतं. तोवर त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती, पायापासून तोंडापर्यंत सूज होती. सुई सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. अण्णांच्या लेखी त्या सुईनं गेल्या. "चालत दवाखान्यात गेली, सुई टोचली आणि चौघांच्या खांद्यावरनं आली," असं ते येईल त्याला सांगायचे. आत्याबाई चालत गेल्या नव्हत्या, ह्यांनी आणि मी उचलून रिक्षात घातलं होतं. पण हे अण्णांना कोण सांगणार? डॉक्टरांनी दिलेली इन्सुलिनची बाटली आमच्या फ्रिजच्या दारात लिंबांशेजारी उभी होती, तर तिच्यामुळं अण्णांनी फ्रिजमधलं पाणी प्यायचं सोडलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी तोडगा काढला. पंधरा दिवस रोज सकाळी उपाशीपोटी घरी तपासायचं. आकडा खाली आला तर सुई नाही. नाही आला तर अण्णांनी गप घ्यायची. "आणि कागदावर लिहून आणू नका," डॉक्टर म्हणाले, "मशिनच आणा. त्याच्या पोटात सगळे आकडे राहतात." अण्णांना ते पुरतं ओळखून होते.

निम्मे दिवस गेले तरी मशिन दोनशेच्या खाली यायला तयार नव्हतं. भजी काही बंद नव्हती, तर आकडा कशाला उतरतोय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि मग त्या सकाळी अण्णा माझ्याकडं बोट मागायला आले.

"अण्णा, मशिनला फसवाल," मी म्हटलं, "अंगठ्याला कसं फसवणार?"

"अंगठ्याचं मी बघतो. तू बोट दे."

"डॉक्टरांना कळलं म्हणजे?"

"मशिनला काय तोंड हाय व्हय सांगायला? बोट सासऱ्याचं का सुनंचं, त्याला काय कळतंय. आन हे बघ मालन, एक ध्यानात घे. मला सुई लागली आन मी गेलो, तर ते तुला चालंल?"

मी वाद घालू शकले असते. ह्यांना हाक मारून बापलेकांची जुंपून देता आली असती. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला वादाचाही कंटाळा आला होता. सकाळी उठायचे तीच दमून उठायचे. रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं, प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी प्यायचे आणि परत झोप लागेपर्यंत उजाडायचं. भाकरी थापताना मध्येच ओट्याला टेकून उभी राहायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, "मालन, काय गं बारीक झालीस, छान दिसतीस!" आणि मला तेवढंच बरं वाटायचं. बाईमाणसाला दमायला कारण लागत नाही असंच आम्ही धरून चालतो.

मी एका हाताचं पीठ पदराला पुसलं आणि बोट पुढं केलं.

अण्णांनी सुई अशी मारली की मी ओरडले. रक्ताचा थेंब पट्टीला लागला. मशिन जरा वेळ गप्प राहिलं आणि मग त्यानं आकडा दाखवला.

तीनशे बारा.

अण्णांनी मशिन डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. मग माझ्यापुढं केलं. "हे काय वाचतीस?"

"तीनशे बारा."

"बिघडलं," अण्णा म्हणाले.

"बिघडलं," मीही म्हटलं. "माझ्या हाताला पीठ होतं. आणि मी चहा पण घेतलाय."

"मग व्हय! चहानं झालं." अण्णांचा जीव भांड्यात पडला. "उद्या चहा घेऊ नगंस."

मी परत भाकरीकडं वळले. तव्यावरची करपली होती.

दुसऱ्या दिवशी मी साबणानं हात धुतले, चहा घेतला नाही. आकडा आला दोनशे सत्त्याऐंशी. अण्णांनी लगेच आपलं बोट टोचलं. दोनशे चौदा. ते एकदा माझ्याकडं आणि एकदा मशिनकडं बघत राहिले. मग मोठ्यानं हाक मारली, "भास्कर!"

हे अंघोळ करून नुकतेच बाहेर आले होते, कमरेला टॉवेल. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, सकाळी लवकर उघडायचं असायचं. "काय झालं?" असं विचारायच्या आत अण्णांनी त्यांचं बोट ओढून टोचलं.

चौऱ्याण्णव.

"आयला, हे काय चाललंय?" हे बोट झाडत म्हणाले.

"काय न्हाई. मशिन बघत होतो," अण्णा म्हणाले. "मशिन ठीक हाय. जा तू."

हे शर्ट घालायला गेले. अण्णा मात्र स्वयंपाकघराच्या दारातून हलले नाहीत.

"मालन," ते हळू आवाजात म्हणाले, "तुला साखर हाय."

"मला काही नाही."

"माझ्यापरीस जास्त हाय."

"अण्णा, ह्या घरात एका वेळी एकच आजारी माणूस झेपतो," मी म्हटलं. आवाज चढला माझा. मला हसूही येत होतं आणि रडूही. "तुमच्या गोळ्या, तुमची पट्टी, तुमची वेगळी भाजी. त्यात माझं कुठं घालू? दुष्काळात तेरावा महिना! आधी तुमची जखम वाळू दे, मग माझं बघू. आणि डॉक्टरांना यातलं काही बोलायचं नाही. पोरांची शपथ आहे तुम्हाला."

अण्णांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर दोशी स्वतःच दमलेले दिसत होते. बाहेर बाकांवर जागा नव्हती. त्यांनी मशिन घेतलं आणि बटण दाबत एकेक आकडा मागं नेऊ लागले.

"दोनशे वीस. दोनशे पाच, बरं." मग ते थांबले. "हे चौऱ्याण्णव कुठून आलं? आणि त्याच सकाळी दोनशे चौदा आणि दोनशे सत्त्याऐंशी? आदल्या दिवशी तीनशे बारा? अण्णा, हे मशिन आहे की लग्नाची वरात? किती जण आहेत यात?"

"सगळी अण्णांचीच आहेत," मी घाईनं म्हटलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"अण्णा, शपथ घातलीय मी."

"असू दे." ते खुर्चीत ताठ झाले आणि त्यांच्या त्या स्टँडवरच्या आवाजात, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर, चौऱ्याण्णव माझ्या पोराचं हाय. तीनशे बारा आन दोनशे सत्त्याऐंशी ह्या माझ्या सुनंचं हाय. मला सुई नको म्हणून मी तिचं बोट घेतलं. चोरी केली म्हणा. मला काय बोलायचं ते मागनं बोला. आधी हिला बघा."

डॉक्टरांनी मशिन टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत जात होते, पण अण्णांच्या मागं उभी राहणारी म्हणून. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, वजन केलं, रक्त घेतलं. मग विचारायला लागले. तहान लागते? लागते. रात्री उठता? उठते. वजन? उतरलंय, सगळे छान म्हणतात. घरात कुणाला? आईला होती.

"लोक अण्णांना भेटायला येताना पेढे-लाडू आणतात," मी म्हटलं. "त्यांच्या हाताला लागू नयेत आणि अन्न टाकायचं नाही म्हणून मीच संपवते. त्यानं झालं असेल का?"

"नुसत्या पेढ्यांनी हा आजार होत नाही. आईकडून तुमच्यात आला असणार. पेढ्यांनी त्याला मदत केली एवढंच. जेवता कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"म्हणजे कधी?"

"काय राहिलंय ते बघून."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "दमायला होतं?"

"ते काय, सगळ्यांनाच होतं."

"नाही, मालनताई," डॉक्टर म्हणाले. "असं सगळ्यांना होत नाही. तुमच्या रक्तात साखर भरपूर आहे, पण ती तुमच्या अंगाला लागतच नाही. भरल्या ताटावर बसून उपाशी राहिल्यासारखं झालंय. दमणारच तुम्ही."

मला तिथं रडू फुटलं. भीतीनं नव्हे. आजाराची भीती वाटायलाही ताकद लागते, ती माझ्यात नव्हती. कितीतरी महिने मला वाटत होतं की मी आळशी झालेय, कामचुकार झालेय, माझं मन घरातून उडालंय. मी स्वतःलाच मनातल्या मनात टोचून खात होते. आणि हा माणूस सांगत होता की ते तसं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडून घेतलं. अण्णा समोर होते, तरी मला त्याची लाज वाटली नाही.

"साखर फार वर आहे," डॉक्टर म्हणाले. "वजनही उतरलंय. सध्या इन्सुलिन सुरू करू. दोन-तीन महिन्यांनी कदाचित गोळ्यांवर येता येईल."

"हिला सुई न्हाई!" अण्णा इतक्या मोठ्यानं ओरडले की नर्सबाई आत डोकावल्या.

"मग काय करू? तुमच्यासारखं करू?" डॉक्टर पहिल्यांदाच चिडले. "महिनाभर अंगठा सडवलात तुम्ही. हिलाही तसंच ठेवू? तुमच्या बायकोला सुईनं मारलं नाही, अण्णा. सुई उशिरा आली. मी तेव्हाही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. आजही ऐकणार नसाल तर घरी जा. पण हिच्या आड येऊ नका."

नर्सबाईंनी मला बाटलीतून औषध कसं ओढायचं, पोटाची चिमटी कशी धरायची ते दाखवलं. सुई घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायचंच, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते, हे दोनदा बजावलं. अण्णांचा डोसही डॉक्टरांनी लिहून दिला होता, पण तो घ्या असं त्यांना कुणी म्हटलं नाही. रिक्षातून घरी येईपर्यंत ते बाहेर बघत बसले होते. रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे माझ्याकडं बघतच राहिले. वाईट माणूस नव्हता तो, पण रोज समोर असलेलं माणसाला दिसत नाही.

सकाळी भाकऱ्या थापून झाकून ठेवल्या आणि मी फ्रिजमधून बाटली काढली, हाताच्या तळव्यात धरून जरा ऊब दिली. सिरिंज भरली. आत्याबाई मला डोळ्यांपुढं दिसत होत्या. डॉक्टर कितीही खरं बोलले तरी मीही त्याच घरात इतकी वर्षं तीच गोष्ट ऐकत आले होते.

"थांब," मागून अण्णा म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांची अंघोळ झाली होती. ठेवणीतला पांढरा शर्ट घातला होता, कपाळाला गंध होतं. आत देवापुढं दिवा लावून आलेले. त्यांनी खुर्ची ओढली, स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली आणि बसले. शर्टाची खालची बटणं सोडली.

"आधी मला टोच."

"अण्णा?"

"मला टोच. मग बघत बस. मला काय झालं, तर तू घेऊ नगंस. कुणी काय बी म्हणू दे, डॉक्टर म्हणू दे, भास्कर म्हणू दे, घेऊ नगंस. माझं झालंय सगळं बघून. तुझी पोरं ल्हान हायेत."

ते खरंच मरायची तयारी करून आले होते. शर्ट, गंध, दिवा, सगळं त्यासाठीच होतं. ज्या माणसानं अंगठा द्यायची तयारी केली पण सुई घेतली नाही, तो माझ्यासाठी पोट उघडं टाकून बसला होता. माझ्या बापानंसुद्धा माझ्यासाठी असं काही केलं नव्हतं.

मी त्यांच्या कागदावरचा डोस दोनदा वाचला, दुसरी सिरिंज भरली, चिमटी धरली आणि टोचली. अण्णांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"टोच की."

"टोचली, अण्णा."

"झालं?" त्यांनी एक डोळा उघडला. "माझ्यापरीस बरी टोचतीस."

पुढं कितीतरी वर्षं मीच त्यांना ती सुई दिली. अंगठाही राहिला, फक्त नख गेलं. पण त्या सकाळी हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? अण्णा छातीवर हात ठेवून, श्वास मोजल्यासारखे भिंतीकडं बघत बसले आणि मी त्यांच्याकडं बघत बसले. गॅस बंद होता. असं काही न करता बसायची मला सवय नव्हती.

"अण्णा, तुम्हाला आता खायला लागेल."

"तुझी झाल्याबिगर न्हाई."

"काय होतंय तुम्हाला?"

"भूक लागलीय," ते जरा रागानंच म्हणाले. "दुसरं कायबी व्हईना. घे तू."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि घेतली. मुंगी चावल्याएवढं दुखलं. अण्णांनी घड्याळात बघितलं. मग मी सवयीनं एक ताट घेतलं आणि वाढायला लागले.

"दोन घे," अण्णा म्हणाले.

मी दुसरं ताट घेतलं, दोन्ही वाढली आणि बसले. तेवढ्यात हे शर्टाचं बटण लावत आत आले. दुकानाची किल्ली हातात, नजर ओट्यावर. "मालन, डबा झाला का? उशीर होतोय."

मी उठायला लागले.

"बस खाली," अण्णा मला म्हणाले. मग ह्यांच्याकडं वळले. आवाज चढवला नव्हता. "भास्कर, तू थांब. तिला जेवू दे आधी."

हे किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. मी भाकरी मोडली. गरम होती. सगळ्यांच्या आधीची, गरम भाकरी मी त्या घरात कधी खाल्ली होती ते मला आठवेना. घास तोंडात घातला आणि डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं, तरी मी जेवत राहिले.